अळणी गुरुवार

वहिनी, तुमच्यामागचा पहिला गुरुवार परवा येऊन गेला.

तो कसा गेला हे तुम्हाला सांगितल्याखेरीज दहाव्याचा पिंड ठेवायला माझा हात पुढे होणार नाही, म्हणून हे लिहीत आहे. सुतक आहे. देवघराचे दार लोटलेले आहे, पोथ्या कापडात बांधून ठेवल्या आहेत, संध्याही मनातल्या मनात. अशा दिवसांत लिहावे की लिहू नये याविषयी शास्त्रात काही सांगितलेले मला आठवत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भावजी, बोलायचं ते बोला. त्याला मुहूर्त कशाला लागतो?"

येणारे-जाणारे सगळे एकच शब्द वापरतात. ओसरीवर बसतात, रुमालाने कपाळ पुसतात आणि म्हणतात, "अन्नपूर्णा गेली हो." मी मान हलवतो. पण तो शब्द तुम्हाला रुचला नसता. अन्नपूर्णेच्या हातात पळी असते आणि ती भरभरून वाढते. तुमच्या हातात अर्धा पेला असे. वैशाखात, गोदावरीचे पात्र खडकापर्यंत उघडे पडलेले असताना, तहानेने ओठ वाळलेल्या माणसाला तुम्ही अर्धा पेला पाणी देत असा आणि त्याने पुन्हा मागितले तर शांतपणे नाही म्हणत असा. भुकेल्याला अन्न आणि तान्हेल्याला पाणी, हा धर्माचा पहिला धडा मी जन्मभर मुलांना शिकवला. तुमचे आतिथ्य त्या धड्याच्या उलट दिसे. ते समजायला मला फार दिवस लागले, आणि पुरते समजले आहे असे आजही म्हणवत नाही.

त्याचे मूळ लातूरचे होते. दादांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी पैठणच्या पाठशाळेत शिकवीत होतो. रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यायचे, तेही आठवड्यातून दोनदा, आणि इथे नांदेडला यंत्रावर जागा मिळेना. म्हणून तुम्ही दोघे एसटीने लातूरला जात होतात. यंत्रावरून उठलेला माणूस पिळून काढलेल्या धोतरासारखा असतो, असे तुम्ही मला नंतर सांगितले. परतीची गाडी संध्याकाळची. मधली सगळी दुपार दवाखान्याबाहेरच्या कडुनिंबाखाली काढायची. समोरच्या घरातल्या मालनबाईंनी तुम्हाला तिथे बसलेले पाहिले. ना ओळख, ना नाते. त्या उठून आल्या, दादांना हाताला धरून घरात नेले, खाट दिली, दुधीची बिनमिठाची भाजी आणि भात दिला, आणि अर्धा पेला पाणी दिले. दादांनी आणखी मागितले.

"न्हाई मिळायचं," त्या म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ ह्याच दुखण्यानं गेला. मागू नका, मी देनार न्हाई. रागवा लागलं तर, पन देनार न्हाई."

"दगड आहे ही बाई, असं वाटलं मला," हे सांगताना तुम्ही हसत होतात. या दुखण्यात प्यालेले पाणी बाहेर पडत नाही, ते अंगात साठते, छातीत चढते, हे डॉक्टरांनी तुम्हाला समजावले होते. पण घरी दादा मागत आणि तुम्ही देत होतात. नवऱ्याने पाण्याला हात पुढे केला तर बायको नाही कशी म्हणेल? ते म्हणायला एक परकी बाई भेटावी लागली.

दादांचे वर्षश्राद्ध झाल्यावर तुम्ही साडी आणि नारळ घेऊन पुन्हा लातूरला गेलात. मालनबाईंनी साडी घेतली. "कशाला आणली" म्हटले नाही. घडी मोडून अंगावर धरली, आरशात पाहिली.

"रंग बरा हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या मनासारखा हाय. पन आता मला सांगा, नांदेडला बी मशिनी आल्यात म्हनं. तिथल्या मानसाला दुपारचं कोन इचारतं?"

तुम्ही परत आलात, आणि गल्लीतल्या घरांना एकेक वार लावून दिलात.

वार लावणे म्हणजे काय हे आता थोड्यांनाच ठाऊक आहे. आमच्या विद्यार्थिदशेत पाठशाळेतल्या गरीब मुलाला सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवडाभर जेवायला सांगितलेले असे. एका घरावर भार नको आणि एकाच घराचे उपकारही नकोत, अशी ती व्यवस्था. मी असाच वाढलो. ती गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकली होती आणि ती उचलून तुम्ही रोग्यांसाठी वापरलीत. उमरीची एक म्हातारी मंगळवारी कोपऱ्यावरच्या देशमुखांकडे. कोणी बुधवारी, कोणी शनिवारी. दवाखान्यातून यायचे, जेवायचे, पडायचे, संध्याकाळच्या गाडीला जायचे. घराघरात जाऊन तुम्ही भाजी कशी करायची ते दाखवून आलात: चिरायची, कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचे, मग शिजवायची. केळे द्यायचे नाही, शहाळे द्यायचे नाही, डाळ बेताने. आणि सगळ्यात अवघड ते सगळ्यांत शेवटी सांगत असा: "आग्रह करायचा नाही." आपल्या मराठवाड्यात आग्रहाशिवाय वाढलेले ताट म्हणजे अपमान. देशमुखांच्या थोरल्या सूनबाईंनी तुम्हाला विचारले होते, "मग काकू, आम्ही करायचं तरी काय? नुसतं बघत बसायचं?" तुम्ही म्हणालात, "हो. शेजारी बसायचं आणि तेच खायचं."

गुरुवार तुम्ही स्वतःकडे ठेवलात.

सेवानिवृत्त होऊन, तोवर विधुर होऊन, मी तुमच्या घरी राहायला आलो तेव्हा पहिल्याच गुरुवारी गौतमरावांना पाहिले. गौतमराव सोनकांबळे, धर्माबादचे. मिरचीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, काट्यावर पोती तोलण्यात त्यांचे आयुष्य गेले. हाताच्या कोपरापाशी पट्टी, चेहरा उतरलेला, पण उंबऱ्यातूनच आवाज:

"जय भीम, काकू. आज वजन जास्ती भरलं माझं. डॉक्टर वरडला."

"जय भीम. या. पाणी प्यालात ना कुठेतरी?"

"उसाच्या रसाचा गाडा दिसला. बघून राहिलो हो नुसता."

"नुसता बघून वजन वाढत नाही, गौतमराव."

"काटा खोटं बोलत न्हाई, हे मला सांगता का? जलमभर मी पोती तोलली, आता मला तोलतेत." मग ताटाकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "दुधी! काकू, मिरचीच्या धुराळ्यात उभा जलम काढला मी. शिंकला तरी तिखट लागायचं. आन् तुमी मला दुधी खाऊ घालून राहिल्या!"

"मीही तोच खातेय."

"तुमची काय चूक झाली म्हनून?"

तुम्ही दोघे समोरासमोर बसून तो अळणी भात जेवलात. गुरुवारी त्या घरात मिठाचा डबा उघडत नसे. मी बाजूला आरामखुर्चीत होतो. गुरुवार माझा दत्ताचा उपवास, सूर्यास्तानंतर एकदा फलाहार. तुम्ही एकदा हळूच म्हणालात, "बरं झालं भावजी, तुमचा उपवास नेमका गुरुवारीच येतो." मी ऐकले नाही असे दाखवले. तुम्हीही पुन्हा म्हटले नाही. तुमचे टोमणे असेच असत, एकदाच टोचून सुई परत डबीत ठेवणारे.

आपले, म्हणजे तुमचे आणि माझे, वाद मात्र रोज होत. तांदूळ निवडताना तुम्हाला शास्त्राच्या शंका सुचत. मी म्हटले होते, अळणी जेवताच आहात तर संकल्प करून जेवा. ते व्रत होईल, त्याचे फळ आहे. तुम्ही म्हणालात, "फळाचं तुम्ही बघा. मला भाजीचं बघू द्या." मी म्हटले होते, अतिथी तहानलेला उठवणे बरे नव्हे, निदान तुळशीचे पान घालून तीर्थ म्हणून एक पळी जास्त द्यावी. तुम्ही म्हणालात, "तीर्थ छातीत चढत नाही का?" असल्या वादांत तुम्हीच जिंकत असा आणि मला त्याचे काही वाटत नसे.

एक वाद मात्र तसा नव्हता.

माझे अध्ययन पुरे झाले त्या दिवशी गुरूंच्या साक्षीने, गोदावरीत उभा राहून मी परान्नाचा त्याग केला होता. यापुढे दुसऱ्याच्या घरचे शिजलेले अन्न घ्यायचे नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चुलीवर वाढलेल्या मुलाला तो संकल्प मुक्तीसारखा वाटला. तो मी लग्नाकार्यांत पाळला, प्रवासात पाळला, श्राद्धाला बोलावले तर कोरडा शिधा घेऊन आलो. त्याचा मला अभिमान होता असे नव्हे. तो माझ्या अंगवळणी पडलेला एक नेम होता, जसे पहाटेचे स्नान.

तुम्ही एका दुपारी विचारलेत, "भावजी, देण्याचं एवढं सांगितलंय शास्त्रात. घेण्याचं काहीच नाही का?"

मी सांगितले. प्रतिग्रह, म्हणजे दान स्वीकारणे, हे शास्त्रात जपून करायचे कर्म आहे. घेणाऱ्याचे तेज उणावते. दात्याचे दोष अन्नाबरोबर घेणाऱ्याकडे जातात. म्हणून ज्याला तप राखायचे आहे त्याने शक्य तितके कमी घ्यावे.

तुम्ही सूप खाली ठेवलेत. "म्हणजे दर गुरुवारी गौतमरावांना मी माझं पाप खाऊ घालते का?"

मी म्हणालो, तसा अर्थ नाही.

"मग कसा आहे? मालनबाईंनी माझी साडी घेतली, आरशात बघितली. त्यांनी ती परत केली असती ना, तर मी लातूरहून तशीच कोरडी आले असते. हे घर, हे वार, काही झालं नसतं. त्यांनी घेतलं म्हणून मला देता आलं. त्यांचं तेज कुठे उणावलं?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

"सांगा," तुम्ही म्हणालात. "घाई नाही." आणि थोड्या वेळाने, सुपाकडे बघतच, "तुम्हाला कुणी काही देऊच शकत नाही, भावजी. माणसांना फार लांब बसवता तुम्ही."

मी खरोखर विचार करीत होतो. हे तुम्हाला ठाऊक असावे अशी माझी इच्छा आहे. पुस्तके काढून पाहिली, टीका पाहिल्या, पैठणच्या जुन्या सहकाऱ्याला दूरध्वनी केला. घेण्याच्या बाजूने मला काही सापडेना. मध्ये पावसाळा गेला, दिवाळी गेली. तुम्ही पुन्हा विचारले नाही. आणि रविवारी पहाटे तुम्ही झोपेतच गेलात. फुलांची परडी ओसरीवर तशीच, दूधवाला दार वाजवून थकला, आणि मी पहिल्यांदाच तुमच्या खोलीचे दार न विचारता उघडले.

अग्नी मीच दिला. तुम्हाला मूल नव्हते आणि मलाही नाही. एका घराण्याचे शेवटचे दोघे, त्यांतला एक दुसऱ्याला पोचवतो, इतका साधा तो विधी होता.

आता गुरुवारचे सांगतो.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि त्या घरचे अन्न इतरांना चालत नाही. हा नियम मी किती घरांना समजावून सांगितला असेल. म्हणून बुधवारीच देशमुखांकडे निरोप दिला, की उद्याचा गुरुवार तुम्ही घ्या. आणि गौतमरावांना दूरध्वनी करून वहिनी गेल्याचे सांगितले. मग ते म्हणाले, "बरं, गुरुजी." मी म्हटले, "उद्या देशमुखांकडे जा. तिथे सांगितले आहे." ते पुन्हा म्हणाले, "बरं."

दुपारी दाराशी आवाज झाला. गौतमराव उंबऱ्याबाहेर उभे होते. कोपरावर नवी पट्टी, एका हातात कापडात बांधलेला डबा. यंत्रावरून उठून ते तसेच आले होते. एरवी उंबऱ्यातून येणारी आरोळी नव्हती. तुमची रिकामी जागा त्यांनी पाहिली आणि चपला काढून भिंतीशी बसले.

"गौतमराव, इथे आज काही शिजलेले नाही," मी म्हणालो. "देशमुखांच्या सूनबाई वाट पाहत असतील."

"तिकडून सांगून आलो त्यास्नी. मला ठाव हाय इथं चूल न्हाई." त्यांनी डबा पुढे सरकवला. "म्हनूनच तर आनलं. मयताच्या घरला भाकर न्यावी लागती, गुरुजी. आमच्यात बी ती रीत हाय. पारूनं केलंय सगळं."

पारू म्हणजे पार्वती, त्यांची पत्नी. तिला मी कधी पाहिलेले नाही.

मी म्हणालो, "तुमच्या भावना मला पोचल्या. पण मी दुसरीकडचे शिजलेले घेत नाही. माझा नेम आहे. आणि आज गुरुवार, माझा उपवासही आहे. तुम्ही जेवा. तुम्हाला अशक्तपणा आहे."

"ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "मला बी भूक न्हाई तशी."

"सकाळपासून काही खाल्ले आहे का तुम्ही?"

"न्हाई."

"मग?"

"गुरुजी, ह्या घरात काकूनं मला कधी एकल्याला जेवू दिलं न्हाई. कधीच. तिच्या पाठीमागं मी इथं एकटा बसून घास कसा घालू तोंडात? माझ्यानं होनार न्हाई. तुमी उपाशी तर मी बी उपाशी. गाडी हाय संध्याकाळी, जाईन." आणि मग, जणू मला धीर द्यावा तसे, "डबा मातर इथंच ठिवतो. मयताच्या घरून भाकर माघारी नेत नसतेत."

त्यांनी डोके भिंतीला टेकले आणि डोळे मिटले. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. वहिनी, त्या वेळी मी तिथे उभा होतो आणि माझ्या संपूर्ण अध्ययनाचा मला काही उपयोग होत नव्हता. माझ्या नेमापायी अतिथी उपाशी राहणार होता, तो आजारी होता, आणि तो तुमचा अतिथी होता. उपवासाचे मला संकट नव्हते. कोणाचेही व्रत अतिथीला उपाशी ठेवून पुरे होत नाही, हा निर्णय मी इतरांना अनेकदा दिला आहे. अडले होते ते दुसऱ्या ठिकाणी. गोदावरीत उभे राहून दिलेला शब्द होता, आणि तो देणारा मुलगा मला अजून आठवत होता.

तेव्हा मला ते आठवले. आठवले असेही म्हणू नये. मी ते रोज पाळत होतो. सुतकात घरच्या माणसांनी काय खावे याविषयी शास्त्राचा स्पष्ट नियम आहे: मिठावाचून खावे, आणि जे विकत आणलेले किंवा कोणी आणून दिलेले असेल ते खावे. मृताच्या घरी आलेल्या किती मुलांना, किती सुनांना मी हे तोंडपाठ सांगितले आहे. रविवारपासून मी काय करीत होतो? विकतचे दूध, विकतचा राजगिरा, विकतची फळे. शेजारून आलेली ताटे झाकण न उघडता परत पाठवीत होतो. त्या नियमातला पहिला अर्धा भाग मी काटेकोर पाळत होतो आणि दुसऱ्या अर्ध्या भागाशी माझा काही संबंध नाही असे वागत होतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते, वहिनी. मी दानाच्या प्रकरणांत शोधत राहिलो. ते मरणाच्या प्रकरणात होते. ज्या दिवसांत माणसाला स्वतःची चूल पेटवण्याचे बळ नसते, त्या दिवसांत शास्त्र त्याला सांगते, की घे. कोणी आणून दिले तर घे. तेथे तेजाचा विषय नाही, दोषाचा विषय नाही. जगातल्या प्रत्येक घरावर ते दिवस येतात, म्हणून घेणे प्रत्येकाला येते असे शास्त्राने गृहीतच धरले आहे. आणि ज्याच्या किडन्या निकामी आहेत, ज्याला संध्याकाळपर्यंत परक्या गावात पडायला जागा नाही, त्याचे ते दिवस आठवड्यातून दोनदा येतात, इतकाच फरक. तुम्ही गौतमरावांना तुमचे पाप खाऊ घालीत नव्हता. तुम्ही दर गुरुवारी त्यांच्या घरच्या दुःखात भाकरी घेऊन जात होतात. ते चालत येत आणि तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहत होतात, एवढेच.

हे उत्तर ऐकायला तुम्ही नव्हता. मी ते गौतमरावांना सांगितले नाही. त्यांना त्याची गरज नव्हती.

मी हातपाय धुऊन आलो आणि त्यांच्यासमोर बसलो. म्हटले, "उघडा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले. कापडाच्या गाठी एका हाताने सुटेनात, तेव्हा मी सोडल्या. भाकरी, भात, आणि एकाच डब्यात दोडक्याची भाजी.

"तुमच्यासाठी येगळी मिठाची करू म्हनत होती पारू," ते म्हणाले. "पन आमच्या घरात आता एकच भाजी होती. दोन वर्सं झाली, तिनं बी मीठ सोडलंय. म्या म्हनलं, तू कशाला? तर म्हनती, तुमची ती नांदेडची काकू खाती, मग मी तर लग्नाची बायको हाय."

भाजी अळणी होती. सुतकात क्रियाकर्म करणाऱ्या कर्त्याला जशी हवी, आणि रोग्याला जशी हवी, अगदी तशी. मी पहिला घास घेतला. एका जन्मात अन्नाचे जेवढे मंत्र म्हटले त्यांतला एकही सुतकामुळे ओठावर आणता येत नव्हता. नुसते जेवायचे होते. बऱ्याच वर्षांनी मी नुसता जेवलो.

गौतमराव अर्धी भाकरी खाऊन थांबले. माझ्या ताटात मात्र त्यांनी न विचारता भाकरी वाढली.

"पुरे, गौतमराव."

"घ्या हो. मला तर कुनी आग्रह करीत न्हाई. निदान मला तर करू द्या."

ते हसले. मग ते हसू मोडले आणि ते तोंडावर हात धरून रडू लागले, मोठ्याने, मोंढ्यातल्या माणसासारखे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला सुचले नाही.

वहिनी, एक गोष्ट मी तुमच्यापाशी कधी बोललो नाही. परान्न न घेणारा म्हणून लोक मला ओळखतात, आणि या घरी आल्यापासून गुरुवार सोडून रोज दोन वेळा मी तुमच्या हातचे जेवलो. नेमाने ते घरचेच अन्न. दीर भावजयीच्या घरी जेवतो त्यात परके काही नाही. पण ही चूल थंड झाल्यावर मला दिसते आहे, की ते दिलेले होते. दादा गेल्यावर तुमच्याविषयी माझे काही कर्तव्य उरले असेल; माझ्याविषयी तुमचे काहीच नव्हते. तुम्ही वरच्या मजल्यावरची खोली धुऊन ठेवलीत, पोथ्यांसाठी फळी ठोकून घेतलीत, आणि मी आलो त्या दिवशी "किती दिवस राहणार" असे विचारले नाहीत. मी त्याबद्दल कधी धन्यवाद दिले नाहीत, कारण घरात धन्यवाद देत नसतात. आज देतो. उशीर झाला आहे, पण घाई नाही असे तुम्हीच म्हणाला होतात.

देशमुखांच्या सूनबाई काल येऊन गेल्या. ओसरीच्या खालीच उभ्या राहून म्हणाल्या, "काका, गुरुवार आम्हीच ठेवतो आता. तुम्हाला एकट्याला कुठे जमणार?" त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हटले, गुरुवार या घराचाच राहील. मला धड स्वयंपाक येत नाही, हे त्यांनी तोंडावर आले तरी म्हटले नाही. फक्त म्हणाल्या, "भाजीचं पाणी फेकायला विसरू नका हं."

पुढच्या गुरुवारपर्यंत सुतक फिटलेले असेल. देवघर उघडेन, घर सारवून घेईन, चूल पेटवीन. गोदावरीतला तो संकल्प आता माझ्यावर नाही. तो मोडला असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे उद्यापन झाले असेही म्हणता येणार नाही. सुतकात उद्यापन होत नसते. तो तुमच्याबरोबर गेला, असे मी मानतो. तुम्हाला निरोप देताना सोबत देण्यासारखे माझ्याकडे तेवढेच होते.

आज सकाळी गौतमरावांचा दूरध्वनी आला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा होता. म्हणाले, "गुरुजी, गुरुवारी येतो. येताना बाजारातून भाजी आनू का? कोनती आनू?"

मी म्हणालो, "तुम्ही आणाल ती."